तेरबिशचा खुराक

पांढऱ्या महिन्याचा पहिला दिवस, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि माझ्या नातवानं हातात दिलेला चरबीचा तुकडा कपाळाला लावून परत ताटात ठेवला.

ठेवला तोही अगदी कडेला, हलक्या हातानं. मेलेलं पाखरू खाली ठेवावं तसा.

मधल्या ताटात मेंढ्याची अख्खी पाठ होती आणि तिच्यावर रुंद शेपटी, पांढरीशुभ्र, थरथरणारी. नव्या वर्षाला ही शेपटी ताटात नसेल तर त्या घराला लोक घर म्हणत नाहीत. पहिला तुकडा मी रीतीप्रमाणे चुलीतल्या अग्नीला दिला होता. पुढची सुरी वस्ताद चोइजिलच्या हाती. माझ्या नवऱ्याचा हा शिष्य, आता स्वतःच म्हातारा, पोट सुटलेला, पण अजून खोऱ्यातली सगळी पोरं त्याच्याकडंच कुस्ती शिकतात. माझा तेरबिशही.

"काय रे, शिळी वाटली?" चोइजिलनं विचारलं.

"नाही वस्ताद. मी खात नाही."

"चरबी?"

"मांस. दूधपण नाही."

कुणीतरी हसलं. त्याला वाटलं पोरानं नव्या वर्षाची थट्टा केली. शेजारची सेरजमा मनानं फार भोळी. तिनं आपल्या ताटातले मांसाचे मोदक एकेक उघडून आतलं सारण खाऊन टाकलं आणि राहिलेल्या पाऱ्या तेरबिशपुढं सरकवल्या. म्हणाली, खा बाळा, आता यात काही नाही. त्या पाऱ्यांमधून रस गळत होता.

मी हात लांब करून तो कडेचा चरबीचा तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. म्हटलं, पोराच्या पोटात बिघाड आहे, तुम्ही आपलं खा. घरातली गोष्ट घरात बोलायची असते. पाहुण्यांपुढं पोराला उघडं पाडायला मी काही वेडी नाही.

पण पाहुणे गेल्यावर ताटं आवरताना माझा जीव थाऱ्यावर नव्हता. माझा नवरा या तालुक्याचा हत्ती होता. आमच्याकडं पैलवानाला पाखरांचे-जनावरांचे किताब देतात. तालुक्याच्या मैदानात शेवटच्या जोडीत पोहोचला तो ससाणा, आणि शेवटची कुस्ती मारली तो हत्ती. नवरा गेल्यापासून आमच्या घराचं नाव किताबासकट त्या मैदानात कुणी पुकारलं नव्हतं. माझा मुलगा शहरात जाऊन ट्रक चालवतो, त्याला कुस्तीचा वारा नाही. सगळी आशा या नातवावर. मोठा नातू आजीनं वाढवायचा ही आमची रीत, म्हणून तो रांगायच्या आधीपासून माझ्याकडं. त्याच्या आधीची दोन्ही बाळं गेली. म्हणून याचं नाव ठेवलं तेरबिश. म्हणजे, 'हा तो नव्हेच.' यम दारात येऊन नाव विचारील, ऐकेल आणि चुकून परत जाईल.

यमानं सोडलेलं हे पोर मी मेंढीच्या रश्श्यावर पोसलं. आणि आता ते कोबी मागतं.

त्या नव्या वर्षाच्या आदल्या हिवाळ्यात झुद पडला होता. झुद म्हणजे काय ते ज्यानं सोसलं त्याला सांगावं लागत नाही. आधी अवेळी पाऊस आला, मग एका रात्रीत त्याचा बर्फ झाला आणि सगळ्या कुरणावर काच बसली. खाली गवत दिसायचं, जनावराच्या तोंडाला लागायचं नाही. मेंढ्या उभ्या उभ्या थिजल्या. सकाळी जाऊन हात लावला की लाकडासारख्या आडव्या व्हायच्या.

आमच्याकडं मेंढी कापत नाहीत, रक्ताचा थेंब जमिनीवर पडू देत नाहीत. छातीशी बोटभर चीर द्यायची, आत हात घालायचा आणि पाठीच्या कण्याजवळची शीर दोन बोटांनी चिमटायची. हात चांगला असेल तर मेंढी एकदा श्वास सोडते आणि संपते. तेरबिशचा हात चांगला होता. अख्ख्या खोऱ्यात तसा हात नव्हता. म्हणून त्या हिवाळ्यात सगळे त्यालाच न्यायला येत. थिजून मरण्यापेक्षा तुझ्या हातानं सुटू दे, म्हणत. सकाळी जायचा तो अंधार पडताना परत यायचा, बाहीवर बर्फ आणि हात बगलेत. उत्तरेच्या खोऱ्यातला गोंगोर, तालुक्याचा आताचा हत्ती, खांबासारखा माणूस, तोही आला होता न्यायला. त्याच्या गोठ्यात तेरबिश काम करत होता तेव्हा गोंगोर भिंतीकडं तोंड करून उभा होता, असं मी ऐकलं. तेरबिशनं काही सांगितलं नाही. तो कुणाच्याच गोठ्याबद्दल काही बोलला नाही.

वसंतात आया मेलेली कोकरं उरली. दूध इतकं थोडं की चहालाही पुरेना. तेरबिश आपल्या वाट्याचं दूध शिंगाच्या बाटलीत घालून कोकरांना पाजायचा आणि स्वतः मिठाचा काळा चहा प्यायचा. ते मला आवडलं. पण उन्हाळ्यात दूध झालं, कातडी पिशव्या भरल्या, तरी हा काळाच चहा पीत राहिला. मांसाचा वाडगा पुढं केला की म्हणायचा, नको आजी. मी धरून विचारलं तेव्हा एकदाच बोलला.

"तोंडात घातलं की हात आठवतो."

मी म्हटलं, हात तुझा आहे, चांगला हात आहे, लोक नावाजतात. त्यावर त्यानं वाडगा दोन्ही हातांनी माझ्याकडं परत दिला, झालं. मला वाटलं होईल कमी हळूहळू. झालं नाही. नवं वर्ष आलं तेव्हा चोइजिलच्या हातची चरबी कपाळाला लागून परत ताटात गेली.

दुसऱ्या दिवशी चोइजिल मुद्दाम आला. चुलीशी बसून आधी भरपूर खाल्लं, मग तोंड पुसून म्हणाला, "वहिनी, मी पैलवान तयार करतो, बोकड नाही. आपल्या कुस्तीत वजनाचे गट नाहीत. याला उद्या कुणीही दीडपट अंगाचा माणूस भिडेल. गवतावर तो त्याला उचलणार?"

मला स्वतःला तेच वाटत होतं. पण माझ्या पोराला दुसऱ्यानं बोकड म्हणायचं कारण नाही.

"तुझा घोडा काय खातो रे?" मी म्हटलं. "त्याच्यावर बसून आलास ना? तो काय मेंढी खातो?"

"घोडा कुस्ती खेळत नाही."

"आणि हत्ती? तुझ्या वस्तादाला लोक हत्ती म्हणायचे. मी चित्रात पाहिलाय हत्ती. त्याच्या तोंडात फांदी होती."

चोइजिलनं चहा ढवळला. म्हणाला, नादामच्या, उन्हाळी जत्रेच्या, मैदानात याला ससाणा होऊ दे, मग शरदात प्रांताच्या तालमीच्या तळावर माझ्यासोबत नेईन. नाही झाला तर नाही नेणार. तिथल्या लोकांपुढं मी कोबी घेऊन जायचो नाही.

म्हणजे उन्हाळ्यातल्या एका दिवसावर सगळं येऊन ठेपलं.

त्या थंडीत तेरबिशनं जी मेहनत केली ती मी बघितली आहे, म्हणून सांगते. उजाडताना गोठलेल्या नदीवरून पळत जायचा आणि घामाचा बर्फ भुवयांवर घेऊन यायचा. वाळूनं भरलेलं पोतं मिठीत धरून उठाबशा. दुपारी गोठ्याच्या आडोशाला पोरांबरोबर कुस्ती, एकामागून एक, जोवर ती पोरं बसकण मारत नाहीत तोवर. आणि शेवटी टेकडी. टेकडीचं खूळ चोइजिलचं. तो स्वतः तेरबिशच्या पाठीवर बसायचा, पोट आणि बूट आणि अंगरखा सगळ्यासकट, आणि तेरबिशनं त्याला माथ्यापर्यंत न्यायचं. वाटेत चोइजिल वरून बोलत राहायचा. कोबी दमला का, कोबी उतरवू का, म्हणायचा. माथ्यावर पोहोचला की खिशातून वाळलेलं मांस काढून त्याच्या नाकापुढं सावकाश चावायचा.

सुरुवातीला पोर खंगत गेलं हे खरं. त्याला बिचाऱ्याला काय खावं तेच कळत नव्हतं. नुसत्या शेवया आणि बटाटे. गालफडं बसली, ओठ फुटले. एकदा टेकडीच्या अर्ध्यात वस्तादासकट आडवा झाला. चोइजिल घरंगळत खाली आला आणि तिथूनच त्यानं जे सुनावलं ते मी इथं सांगत नाही.

मग मी त्याला आरोग्यकेंद्रात नेलं. मनात होतं की नर्सबाई दोन शिव्या देईल आणि हा सुधारेल. नर्सबाई लहान वयाची, ओयुन नावाची. तिनं डोळ्यांच्या पापण्या उलटून बघितल्या, रक्त काढलं आणि शिव्या द्यायच्या सोडून विचारायला लागली, डाळ खातोस का, शेंगदाणे खातोस का, सोयाबीन मिळेल का. एका गोळीचं नाव सांगितलं. मांस-दूध सोडणाऱ्यानं ती घ्यायलाच हवी, म्हणाली, त्यातलं जे असतं ते झाडपाल्यात मिळत नाही.

"म्हणजे मेंढी नको, मेंढीची गोळी चालते," मी म्हटलं.

ओयुन म्हणाली, ती मेंढीची नसते आजी. मग हसून म्हणाली, तुम्हाला स्वयंपाक येत असेल तर हा नक्की तगेल. मला स्वयंपाक येत असेल तर! माझ्या हातच्या खुशूरसाठी, मांस भरून तळलेल्या त्या पोळीसाठी, लोक दोन खोरी ओलांडून येतात. त्या पोरीनं मला चिथवलं हे मला घरी आल्यावर कळलं. तोवर मी मुलाला निरोप धाडला होता, ट्रकमधून डाळी आण, शेंगदाण्यांचं पोतं आण, चिलगोजे आण.

डाळ शिजवायला मी त्या वयात शिकले. पहिल्यांदा जाळली. दुसऱ्यांदा कुत्र्यानं वास घेतला आणि निघून गेला. मग जमलं. पोराच्या अंगावर हळूहळू रंग आला. वजन चोइजिलला हवं तसं नाही वाढलं, पण दम वाढला. टेकडीच्या माथ्यावर बाकीची पोरं कुत्र्यासारखी जीभ काढून पडायची आणि हा उभा राहून खालच्या मेंढ्या मोजायचा. चोइजिल मला म्हणाला, दम आहे वहिनी, दमाचं काय करायचं ते बघू. तोंड वाकडं करून म्हणाला, पण म्हणाला.

तरीही माझं मन काही वळलं नव्हतं. कारण सांगते. खांद्याच्या फऱ्याचं मांस आमच्याकडं एकट्यानं खायचं नसतं. घरात असेल त्या प्रत्येकाला त्यातला वाटा द्यायचा, पाहुण्याला, पोराला, दारात आलेल्या वाटसरूलाही. ज्यानं तो वाटा घेतला नाही तो त्या घरातून उठून गेला. आणि माझा नातू वर्षभर माझ्याच चुलीशी बसून तो वाटा घेत नव्हता. डाळ मी शिजवीन हो, पण घरातलं माणूस घरात नाही, हे मला रोज दिसायचं.

म्हणून नादामच्या तोंडावर मी त्याला म्हटलं, "पैज लाव."

"कसली?"

"तू हरलास, तर मी वाढीन ते मुकाट खायचं. नको आजी म्हणायचं नाही."

तो घोड्याचा पट्टा आवळत होता. हात थांबले. "आणि ससाणा झालो तर?"

"झालास तर मी या विषयावर परत तोंड उघडणार नाही. मरेपर्यंत."

"तुला जमेल?"

"नालायका."

हसला तो. "बरं आजी," म्हणाला. आमच्यात बरं म्हटलं की ते दगडावर कोरलं. त्या रात्री मला झोप नीट लागली नाही, कारण तो जिंकावा असं वाटत होतं आणि त्यानं जेवावं असंही वाटत होतं.

नादामच्या सकाळी सेरजमाच्या नवऱ्याकडून एक खच्ची मेंढा तयार करून घेतला. तेरबिशला सांगितलं नाही. मोठ्या पातेल्यात फरा आणि बरगड्या घातल्या, मंद शेणीवर ठेवल्या, झाकण लावलं, आणि अंगरखा बदलून मैदानाला गेले.

आभाळ निळंभोर. माणसं गवतावर गोल करून बसलेली, मागं घोडे. पैलवान जिंकला की हात पसरून गरुडासारखा नाचत निशाणाला फेरी घालतो, मग त्याच्यापुढं दह्याच्या वाळवलेल्या खड्यांचं ताट येतं. त्यातला एक खडा चाखायचा आणि बाकीचे मूठमूठ लोकांत उधळायचे. तो खडा हाताला लागला की वर्ष चांगलं जातं. ताटातले निम्मे खडे घरोघरून आलेले. त्यात माझेही होते. माझे मी लगेच ओळखते, प्रत्येकावर माझ्या अंगठ्याचा ठसा असतो.

पहिली कुस्ती तेरबिशनं सहज मारली. ताट पुढं आलं. आता बघा, असं म्हणून लोक पुढं सरकले. त्यानं खडा उचलला, कपाळाला लावला आणि चाखला नाही. सगळेच्या सगळे उधळले. माझ्या मागं कुणीतरी गवतखाऊ म्हणालं. गोंगोर पलीकडं बसून होता. त्यानं मान वळवून त्या माणसाकडं नुसतं पाहिलं. नंतर तिकडून आवाज आला नाही.

तेरबिश जिंकत गेला. थोराड माणसं त्याच्यावर ओणवी व्हायची, तो वेळ काढायचा, त्यांची छाती भात्यासारखी हलायला लागेपर्यंत धरून राहायचा आणि मग एकदम पायात पाय. चोइजिल त्याची टोपी हातात धरून उभा होता. घसा बसेपर्यंत ओरडत होता, आणि तोंडातून एकदाही कोबी निघाला नाही. शेवटच्या चौघांत जायची कुस्ती मारल्यावर तेरबिशनं ताटातली मूठ माझ्या दिशेनं उधळली. एक खडा माझ्या ओच्यात पडला. माझाच होता. मी तो गालात धरला. दात नाहीत, चघळायला वेळ लागतो.

आता एकच कुस्ती. ही मारली की ससाणा. आणि समोर गोंगोर.

दोघं एकमेकांच्या बाह्या धरून इतका वेळ उभे राहिले की मागचे घोडेही गप्प झाले. गोंगोर रेटत होता, तेरबिश वाकत होता, परत सरळ होत होता. एकदा गोंगोरची टाच उचललेली मी पाहिली, चोइजिलनंही पाहिली, त्याच्या हातातली टोपी चुरगळली. तेरबिशनं उजवा पाय टाकला, आणि तो पाय वीतभर आखूड पडला. बस, तेवढंच. गोंगोरनं त्याला छातीवर घेतलं आणि सावकाश, रागानं नाही, खाली ठेवलं. गुडघा गवताला लागला, आणि आमच्यात गुडघा टेकला की कुस्ती गेली.

माझ्या गालातला खडा अजून विरघळायचा होता.

हरलेल्यानं जिंकलेल्याच्या हाताखालून जायचं असतं. तेरबिश उठला, अंगावरचं गवत झटकलं, गोंगोरच्या उचललेल्या हाताखालून मान लववून गेला. जाताना पाठीवर थाप मारायची रीत आहे. गोंगोरनं थाप मारली नाही. हात तसाच त्याच्या पाठीवर ठेवला, रीतीपेक्षा बराच जास्त वेळ. मग तेरबिशचा उजवा हात धरला, एकदा दाबला आणि सोडला.

आम्ही घरी आलो. चोइजिल सोबत होता, सेरजमा आणि तिचा नवरा होते. दार उघडलं तर घरभर फऱ्याचा वास. तेरबिश उंबऱ्यात क्षणभर थांबला. मग आत येऊन आपल्या जागेवर बसला, हात मांडीवर.

चोइजिलला आधी जे बोलायचं होतं ते तो बोलला. "ससाणा झाला नाही. तळावर जागा नाही. बोललो ते बोललो."

"हो वस्ताद."

"पाय आखूड टाकलास. खाण्याशी त्याचा संबंध नाही. मांस खाणाऱ्यांचेही आखूड पडतात." मग चुरगळलेली टोपी हातानं सरळ करत म्हणाला, "उद्यापासून टेकडीवर येतो. पाठीवर बसायला दुसरं कोण आहे तुला."

तेरबिशनं मान हलवली. मग माझ्याकडं वळला.

"वाढ आजी," म्हणाला. "मी बरं म्हटलं होतं."

मी झाकण काढलं. वाफ वर गेली. मी त्याच्या हातांकडं पाहिलं. दिवसभर मोठमोठ्या माणसांच्या बाह्या धरून जो हात हलला नाही त्या उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर एकमेकांना चिमटत होती. त्यानं तो डाव्या हाताखाली झाकला.

"हात धुवून ये," मी म्हटलं.

"धुतलेत."

"परत धू."

तो बाहेर गेला. मी फरा काढला आणि मांसाचे वाटे केले. चोइजिलचा, सेरजमाचा, तिच्या नवऱ्याचा, माझा. राहिला एक. तेरबिशचा वाटा मी चुलीचं दार उघडून अग्नीला दिला. अग्नीला दिलेलं घरातच राहतं, कुणाला वगळलं असं होत नाही. चरबी पेटली, चूल फुरफुरली. चोइजिल माझ्याकडं बघत होता. मी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं मान खाली घालून आपल्या वाट्याला सुरी लावली.

तेरबिश ओल्या हातांनी आत आला तेव्हा त्याच्यापुढं सातूच्या पिठाचा वाडगा होता, काळ्या चहात कालवलेलं, वर चिलगोजे.

त्यानं वाडग्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मी वाढीन ते," मी म्हटलं. "मुकाट."

तो मुकाट बसला. पीठ घट्ट झालं होतं. त्यानं त्यातला एक गोळा उजव्या हातात घेऊन मुठीत दाबला आणि मूठ उघडली. गोळ्यावर चारी बोटांचे ठसे खोल उमटले होते. तो त्यांच्याकडं जरा वेळ बघत राहिला, आणि मग खायला लागला.